तिसऱ्या दिवशी न आलेले

सुभाषनगरच्या समाजमंदिरात, सतरंजीवर,
आज सत्तावन्न माणसं झाली.
पाय एकशे तेरा.

पद्धत साधी आहे. डोळे मिटायचे.
मी नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवते, तो वाकेपर्यंत.
दहा ग्रॅमचा दाब,
म्हणजे दोन चमचे साखरेचं वजन.
लागलं की 'हो' म्हणायचं.
मध्येच एकदा मी तंतू टेकवतच नाही
आणि विचारते, लागलं?
नियमच आहे तसा,
अंदाजाने बोलणारे सापडावेत म्हणून.

मुक्ताबाई चौगले, क्रमांक एकोणचाळीस,
तीस वर्षं मंडईत उभ्या.
तंतू हवेत होता. त्या म्हणाल्या, हो.
पुन्हा विचारलं.
हो की, लागलं की बाई.
डोळे घट्ट मिटून, शाळेत हजेरी द्यावी तशा.
मी चौकटीत शून्य लिहिलं
आणि पेन बराच वेळ तिथेच टेकवून ठेवलं.

बाळाप्पा व्हटकर सकाळपासून भिंतीला टेकून बघत होते.
वय चौसष्ट, धंदा कापशी चप्पल,
नखांत हिरड्याचा काळा रंग.
त्यांचे पाय दहापैकी दहा.
उठता उठता म्हणाले,
"म्याडम, ह्या दोऱ्यानं तुमी बघतासा
त्ये आमी पायतानानं बघतो."

"नवी चप्पल चावनारच. न्हाई चावली तर कसली कोल्हापुरी?
तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतंय,
अंगठा दावतंय, शिव्या देतंय.
आमी तेल लावतो, पट्ट्याखाली जरा ठोकून देतो.
पन काई जन येतच न्हाईत.
म्हैन्यानं रस्त्यात गाठ पडली की म्हंत्यात,
झ्याक हाय हो चप्पल, पायात कळलीबी न्हाई.
आदी मला बरं वाटायचं. म्हटलं, हात बसला आपला.
मग त्यातला शिवलिंग तोडकर
खिळा घुसलेला तसाच चार दिस हिंडला.
वासावनं कळलं घरात.
अंगठा गेला, मग पाय.
दुसराबी तसाच.
तिसऱ्याला मी हुडकून सांगितलं, बाबा, रगात तपासून घे.
त्यो म्हनाला, तू चप्पल शिव, डॉक्टर नगं हूस."

पिशवीतून त्यांनी वही काढली.
पानापानावर कागद चिकटवलेले,
त्यांवर पेन्सिलने आखलेले पाय.
काही नावांपुढे निळं टिंब.
ते तिसऱ्या दिवशी न आलेले.

मी बावीस मोजली.
आमच्या अर्जात रक्तदाब आहे, कंबरेचा घेर आहे,
तीन महिन्यांची सरासरी साखर,
डोळ्याच्या पडद्याचा फोटो नीट आला की धूसर,
आईला होता का, वडिलांना होता का.
चप्पल चावली का, असा प्रश्न नाही.
पुण्याला सरांना फोन लावला.
ते म्हणाले, रंजक आहे,
पण प्रश्नावली आता बदलता येणार नाही,
समितीची मान्यता लागेल, पुढच्या टप्प्यात बघू.
शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून दोन ओळी सोडलेल्या असतात.
तिथे मावेल तेवढं लिहिलं.

वही परत देताना एक पान उलटलं.
रुंद पाऊल, करंगळी आत वळलेली.
मुक्ता चौगले, गेल्या दिवाळीचं माप.
टिंब.

मी दाराकडे धावले.
पायरीवर, उन्हात, त्या चपला चढवत होत्या.
डाव्या चपलेत वाटाण्याएवढा खडा,
मला इथून दिसत होता.
"मुक्ताबाई, थांबा, आत खडा आहे! टोचत नाही का?"

त्यांना वाटलं, तपासणी अजून चालूच आहे.
वळल्या, तोंड भरून हसल्या,
डोळे मिटले
आणि म्हणाल्या, हो.